सोळा खुर्च्या आणि एक व्हायोलिन

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, डहाणूहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आपल्या मुख्याध्यापिका पुष्पाताई, शाळा समितीची सगळी मंडळी, सत्कारमूर्ती आमचे प्रविण सर, वर्षावहिनी, पुढच्या रांगेत बसलेल्या सरांच्या आई नवशीआई, शिक्षकवर्ग, पालकवर्ग, आणि मागे दाराशी उभं राहून चहा कधी येतो ते बघणाऱ्या माझ्या तलासरीकर बंधू-भगिनींनो,

झालं. घेतली सगळ्यांची नावं. कोणाचं राहिलं असेल तर उद्या चक्कीवर या, तिथे वेगळं घेते.

पुष्पाताईंनी मला सांगितलं, "बायजी मावशी, थोडक्यात बोला आणि सरांच्या कार्याचा गौरव करा." आता गौरव कसा करतात ते मला ठाऊक नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, आणि चौथीचं अर्धं वर्ष भाताच्या आवणीच्या चिखलात गेलं. माझा धंदा दळणाचा. धान्य वरून घाला, पीठ खालून काढा, पुढचा डबा. माझ्याआधी जे बोलले त्यांच्यातले एकजण सरांना दीपस्तंभ म्हणाले, एकजण वटवृक्ष म्हणाले, आणि एकजण ज्ञानाचा सागर. अहो, माणूस एक आहे. त्याला दिवा करा नाहीतर झाड करा, सगळं एकदम कशाला? आणि सागराचं काय सांगता? सर मुळात धाकट्या डहाणूचे. समुद्र त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त बघितलाय.

सर वर्गात काय शिकवायचे ते तुम्हाला माहीत. मी सांगणार ते भिंतीच्या पलीकडचं. माझ्या चक्कीच्या मागच्या खोल्यांत सर आणि वर्षावहिनी नवीन लग्न होऊन राहायला आले, ते आजपर्यंत. मधे एकच भिंत. लोक म्हणतात भिंतीला कान असतात. आमच्या भिंतीला होते, आणि दोन्ही बाजूंनी दुखायचे.

सुरुवातीचीच गोष्ट सांगते. चक्की चालू होती, नागली दळत होते, आणि पट्टा किंचाळायला लागला. चक्कीचा पट्टा सरकला की असा आवाज येतो, सगळ्यांना माहीत आहे. मी राळेचा खडा घेतला आणि पट्ट्याला लावला. तरी किंचाळतोय. परत लावला. शेवटी चक्की बंद केली, तर पट्टा थांबला आणि किंचाळणं चालू! मग कळलं, पट्टा माझा नाही, सरांचा आहे.

हसा, हसा. पण पुढचं ऐका. थोड्या दिवसांनी सर दारात येऊन उभे. लाजत म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे राळ आहे का? माझी संपली. मुंबईला गेल्याशिवाय मिळणार नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला कशाला राळ? तुम्ही पण पट्टा चालवता?"

म्हणाले, "तसंच समजा. व्हायोलिनच्या गजाला घासतो."

तेव्हापासून आमची एकाच खड्यात भागीदारी. दोघांचा धंदा एकच, घासायचं आणि आवाज काढायचा. फक्त माझ्याकडे शेवटी पीठ पडतं.

मी विचारलं, "सर, रोज हे काय चाललंय? गाणं म्हणावं तर तेच तेच परत येतं, आणि मधेच थांबतं."

म्हणाले, "मावशी, पियानोसाठी बनवलेलं एक मोठं गाणं आहे. ते मी एकट्या व्हायोलिनवर बसवतोय. सूर न् सूर परत लिहायचा."

"पियानो म्हणजे आपली भजनाची पेटी ना?"

"पेटीची आजी म्हणा. दोन्ही हातांनी वाजवतात. दहा बोटं."

"आणि तुमच्या ह्याला?"

"चार तारा. त्यातल्या एका वेळी नीट दोनच वाजतात."

"मग दहा बोटांचा संसार दोन तारांत कशाला कोंबताय? सरळ पियानो आणा."

"खोलीच्या दारातून आत येणार नाही."

"दार मोठं करते."

"नको मावशी. पियानो आत आला तर मी आणि वर्षा बाहेर झोपायचं का?"

आता तुम्ही म्हणाल, बरोबर आहे, शिकलेल्या माणसाचा नाद. मी पण तेच म्हटलं. वर्षावहिनींना विचारलं, "घरात सवत आणली की हो सरांनी, चालतंय तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मावशी, सवत असती तर कधीतरी भाकऱ्या थापल्या असत्या."

पण हा नाद कुठून आला ते मला सरांनी नाही सांगितलं. ते नवशीआईंनी सांगितलं, धाकट्या डहाणूहून लेकाकडे आल्या होत्या आणि तांदूळ दळायला माझ्याकडे बसल्या होत्या, तेव्हा.

नवशीआई मासळी विकायच्या. टोपली डोक्यावर घेऊन डहाणूत दारोदार. तिथे एका चिकूवाडीत बंगला होता, आणि बंगल्यातली बाई पियानो वाजवायची. नवशीआई मागच्या ओट्यावर टोपली उतरवायच्या, स्वयंपाकीण बोंबील निवडत बसायची, आणि आतून ते गाणं यायचं. पण मासळी थांबते का? ऊन चढायच्या आत पुढची घरं घ्यायची असतात. गाणं लांबलचक. निवडून झालं की टोपली डोक्यावर, आणि चालायला लागायचं. मागे गाणं चालूच. किती वर्षं त्या बंगल्यावर गेल्या, पण त्या गाण्याचा शेवट त्यांनी एकदाही ऐकला नाही.

जेवढं ऐकलं तेवढं मात्र घरी घेऊन आल्या. मासे साफ करताना गुणगुणायच्या. सरांना वाटायचं हे आपल्या खाडीवरचंच गाणं. मोठे होऊन मुंबईला कॉलेजात गेले, तिथे कोणा मित्राबरोबर एका हॉलमधे पियानो ऐकायला गेले. फुकट पास होता म्हणून. आणि तो साहेब वाजवायला लागल्यावर आमचे सर उभे राहून ओरडले, "अरे, हे तर आमच्या आईचं!"

आजूबाजूच्यांनी ओढून खाली बसवलं त्यांना. आपले सर, जे वर्गात मोठ्याने हजेरी घेत नाहीत, ते ओरडले. आहे विश्वास? मला पण नव्हता. विचारा त्यांना, बघा कसे लाल झालेत.

तोवर बंगला विकला गेला होता, बाई राहिल्या नव्हत्या, आणि पियानोची पट्टी न् पट्टी खाऱ्या हवेनं फुगून बसली होती. मग सरांनी ठरवलं, आईला ते पूर्ण ऐकवायचं. पियानो परवडत नाही, दारातून येत नाही, तर व्हायोलिनवर. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "आई, मोबाईलवर आहे की सगळं, लावून देते." नवशीआई म्हणाल्या, "मोबाईल कोणी पण लावील. माझ्या पोराला येईल तवा ऐकीन."

बसा मग. म्हातारी पण हट्टी, लेक पण हट्टी. आणि मधे मी, पीठ चाळत.

एकदा मी विचारलं, "सर, दहातली उरलेली बोटं टाकता कुठे?" तर म्हणाले, "मावशी, काही सूर सोडूनच द्यायचे. आणि काही नुसते शिवायचे आणि पुढे जायचं. पुढचा सूर येईपर्यंत तो ऐकणाऱ्याच्या कानात राहतो. त्याला वाटतं दोन्ही वाजतायत."

मी म्हटलं, "म्हणजे अर्धं काम गिऱ्हाईकाकडून करून घेता!"

म्हणाले, "हो. तेच तर कठीण आहे."

तर असं एक एक पान करत सगळं झालं. राहिला शेवट. शेवटाला म्हणे पियानोवर डावा हात खाली खोल जाऊन एक जाड सूर धरतो, आणि उजवा हात त्याच्यावर अगदी साधं, सुरुवातीचंच गाणं परत म्हणतो. व्हायोलिनची सगळ्यात जाड तार त्या सुरापर्यंत पोचतच नाही. विहिरीला पाणी आहे पण दोर आखूड, असं. सरांनी तो शेवट इतक्या वेळा लिहिला आणि खोडला की मी म्हटलं, शाळेत खोडरबरांचा तुटवडा यानंच होतो.

मग एक दिवस सर गज हातात घेऊन चक्कीत धावत आले. "मावशी, झालं! शेवट बसला! जाड तारेवर त्याच्या एक मजला वरचा सूर मी नुसता शिवतो आणि सोडतो, आणि खालचा कानात राहतो. खरंच राहतो!" मी म्हटलं, "छान. डब्यावरून पाय काढा."

आता सोळा खुर्च्यांचं प्रकरण. ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण पाहुणे नवीन आहेत.

मागे शाळेच्या वर्धापनदिनाला पुष्पाताईंनी ठरवलं, सरांनी वाजवायचं. नवशीआईंना मुद्दाम आणायचं. पुष्पाताईंनी मंडपवाल्या चिमणभाईंना फोन केला, "स्टेजवर सोलो व्हायोलिन आहे, त्याप्रमाणे खुर्ची लावा." फोनला आपल्याकडे रेंज कशी असते तुम्हाला माहीत. आणि चिमणभाईंचं घर उंबरगावचं, कान गुजराती. ते माझ्याकडे आले. "बायजीबेन, मोठा प्रोग्राम छे! मॅडम बोलल्या, सोळ व्हायोलिन. सोळ एटले सोळा ने?"

मी म्हटलं, "सोळ म्हणजे सोळाच. पण सोळा जण आणणार कुठून?"

"मुंबईथी येत असतील. आपल्याला काय? खुर्च्या मारी पासे छे."

त्यांनी सोळा खुर्च्या लावल्या, लाल कव्हर घालून, अर्धगोल. आणि मी काय केलं? मुंबईचे सोळा लोक उपाशी जातील म्हणून खिचडीचं मोठं पातेलं चढवलं. पडदा वर गेला, तर अर्धगोलात सोळा खुर्च्या, आणि मधल्या एका खुर्चीवर आमचे सर, एकटे, जसं काही बाकीच्या पंधरा जणांची गाडी चुकलीय. लोक वाट बघतायत. सर पण वाट बघतायत, की लोक का थांबलेत. खिचडी दोन दिवस आम्हीच खाल्ली.

पण वाजवलं बरं का. तुम्ही सगळे होता. मला गाण्यातलं कळत नाही, पण त्या दिवशी मागच्या बाकावरची पोरं पण गप्प होती. सगळं नीट चाललं. आणि शेवट आला, सरांनी तो जाड तारेचा सूर शिवला, सोडला, आणि थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. जसा जिन्यात पाय टाकावा आणि पायरीच नसावी. गज खाली केला, उठले, नमस्कार केला.

तुम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्हाला वाटलं संपलं. नवशीआईंनी विचारलं, "झाला का रे?"

सर म्हणाले, "झालं, आई."

नवशीआई उठल्या. पण शेवट ऐकायच्या आधी उठावं लागणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

नेमकं काय झालं ते मला दोन दिवसांनी कळलं. मी चक्की चालू केली, मागून व्हायोलिन चालू झालं. कारण सर लाजरे! चक्की चालू असली की कोणाला ऐकू जाणार नाही, म्हणून त्या पट्ट्याच्या फजितीनंतर ते नेहमी चक्की चालू असतानाच वाजवायचे. तर वाजवत वाजवत शेवटाकडे आले, मला पण आता पाठ झालंय, आणि लाईट गेली. चक्की बंद. लगेच व्हायोलिन पण बंद, त्याच जागी. सर दार उघडून बाहेर आले, "मावशी, चक्की का बंद केली?"

मी म्हटलं, "मी कुठे केली? लाईट गेली. पण तुम्ही का बंद केलं? तुमचं काय विजेवर चालतं?"

सर माझ्याकडे बघत राहिले. मग मोटरीकडे बघत राहिले. मग तिथेच पोत्यावर बसले.

कळलं का तुम्हाला? तो खालचा सूर कानात राहतो, राहतो म्हणत होते ना? तो कानात राहत नव्हता. ती माझी मोटर होती! सर म्हणाले, विजेची मोटर जो गुणगुणाट करते, तो त्यांच्या सगळ्यात जाड तारेच्या सुराखाली, एक मजला खाली, जवळजवळ बरोबर बसतो. पियानोचा डावा हात मीच होते, आणि मला कोणी सांगितलं पण नाही!

मी विचारलं, "सर, शाळेत विज्ञान तुम्हीच शिकवता ना?"

पण सर हसले नाहीत. म्हणाले, "मग हे सोलो झालंच नाही मावशी. सोलो म्हणजे एकट्यानं. शेवट परत करायला हवा." आणि परत लिहायला बसले. मी म्हटलं, मोटर आहे ती राहू दे, मी काय हिस्सा मागत नाही. ऐकायला तयार नाहीत.

आता उद्या टेम्पो भरतोय. सर आणि वहिनी लेकीकडे नाशिकला चाललेत, नवशीआईंना घेऊन. पुष्पाताईंनी विनंती केली, जाता जाता वाजवा. तर सर काय म्हणाले? "शेवट तयार नाही. आता निवृत्तीनंतर निवांत करीन."

निवांत! अध्यक्ष महोदय, मी अडाणी बाई, स्पष्ट बोलते. सर, तुमचा निवांतपणा किती लांबीचा, आणि नवशीआईंचं वय किती? नवशीआई, राग मानू नका. बघा, त्या हसतायत. ज्यांच्यावर बोलले त्या हसतायत, आणि बाकीचे तोंडावर हात घेऊन बसलेत.

आपल्याकडे घर शाकारताना कौलं एकटा माणूस चढवतो का? एक वर असतो, बाकी खालून हातोहात देतात. कोणी म्हणत नाही की घर त्याचं राहिलं नाही. मग या एका सुरानं असं काय घोडं मारलंय?

आता मघापासून पाहुणे मागे वळून वळून बघतायत, की या स्टेजवर एवढ्या रिकाम्या खुर्च्या कशाला. सांगते. चिमणभाई चुकले नाहीत. त्यांनी मला तीनतीनदा विचारलं, "बेन, पक्का सोळ? मागच्यासारखा नाय ने?" मी म्हटलं, पक्का सोळ. या वेळी मीच सांगितलंय.

सर, गेले पंधरा दिवस तुम्ही खोके बांधण्यात होता, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. माझ्या चक्कीवर रांगेत जे डबे घेऊन उभे राहतात ना, ते मोटरीचा सूर ऐकून ऐकून पिकलेत. मी त्यांना म्हटलं, नंबर येईपर्यंत तोंड बंद करून मोटरीबरोबर गुणगुणा. मग मी मोटर बंद करायची, आणि त्यांनी चालू ठेवायचं. पहिल्या दिवशी मोटरीबरोबर सगळे बंद. एकटा तुक्या चालू राहिला, कारण त्याला मोटर बंद झालेली ऐकूच आली नाही. दुसऱ्या दिवशी शुक्री हसायला लागली आणि अख्ख्या पिठात फुंकर मारली. पण आता जमतं. बाप्ये खालून धरतात, बाया वरून. श्वास एकानं घेतला तर दुसरा सांभाळतो. लाईट गेली तरी बंद पडत नाहीत, ही माझ्या मोटरीपेक्षा बरी सोय.

सर, मान हलवू नका. सोलो नाही, मला माहीत आहे. चिमणभाईंनी बरोबर ऐकलं होतं, आपणच त्यांना हसलो. हे सोळाच आहे.

चला, उठा रे. शुक्री, ये. जीवन, तू वरच्या बाजूला. हाल्या, पान थुंकून ये. तुक्या, चहा नंतर, आधी खुर्ची. बाकीचे पण या, लाजू नका, तुमचे गुरुजी लाजले तेवढं पुरे. एक खुर्ची माझी आहे, तिच्यावर कोणी बसू नका. आणि मधली एक रिकामी ठेवा.

व्हायोलिन टेम्पोसाठी बांधलंय म्हणून सांगाल, तर बांधलेलं नाही. वहिनींनी पहाटेच माझ्या डब्यांच्या मागे लपवलं होतं, आता पुष्पाताईंच्या टेबलाखाली आहे. राळ पण शेजारी ठेवलीय. माझ्याच खड्यातली.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, पुष्पाताईंनी थोडक्यात बोलायला सांगितलं होतं आणि तरी हात धरून खाली बसवलं नाही, चिमणभाईंनी खुर्च्या दिल्या, आणि तुम्ही सगळ्यांनी चहाशिवाय एवढं ऐकून घेतलं, त्याबद्दल सगळ्यांचे आभार मानते. माझ्या बोलण्यात खडे आले असतील. चाळून घ्या. पीठ ठेवा, कोंडा मला परत द्या. सर, तुमच्याबद्दल जरा जास्त बोलले असेन तर मोठी म्हणून माफ करा. चक्की उद्यापासून नुसती चक्की होणार, याचं मला काय वाटतं ते मी बोलणार नाही. मला तसलं आवडत नाही.

बसा सर मधल्या खुर्चीवर. आम्ही शेवटालाच सुरू करू, त्याच्या आधी तुमचं तुम्ही.

नवशीआई, टोपली खाली ठेवा. आज पुढचं घर नाही.